गर्दी दिसते, नफा दिसत नाही: ऑनलाइनच्या काळात दुकान नेमके कशामुळे बंद पडते?

प्रश्न असा आहे: सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी वडिलांचे घरगुती उपकरणांचे दुकान आहे. मिक्सर, पंखे, टीव्ही, फ्रीज, वॉशिंग मशीन असा माल असतो. ऑनलाइन खरेदीमुळे दुकाने बंद पडत आहेत हे कितपत खरे आहे, की ते दुकानदारांनी शोधलेले निमित्त आहे? आणि पुण्यातील नोकरी सोडून हे दुकान मुलाने पुढे चालवायला घ्यावे का?

मी पुण्यात लहान आणि मध्यम व्यापाऱ्यांचे हिशेब व कराची कामे पाहतो. त्यामुळे माझ्यासमोर दुकानाचे काउंटर कमी आणि त्याचा ताळेबंद जास्त येतो. माझे उत्तरही त्याच बाजूने येईल.

दुकान बंद पडण्यासाठी सगळे गिऱ्हाईक निघून जावे लागते, ही समजूत चुकीची आहे. विक्रीचा सहावा-सातवा हिस्सा गेला तरी दुकान मोडू शकते. तो हिस्सा चांगल्या मार्जिनचा असला की झाले. अमेरिकेत २०२४ साली एकूण किरकोळ विक्रीपैकी साधारण १६ टक्के विक्री ऑनलाइन होत होती, म्हणजे सहापैकी पाच डॉलर अजूनही ऑनलाइनबाहेर खर्च होत होते. तरीही त्याच देशात टॉइज आर अस या खेळण्यांच्या साखळीने २०१८ मध्ये आपली दुकाने बंद केली आणि सिअर्ससारख्या शतकाहून जुन्या कंपनीने त्याच वर्षी दिवाळखोरीचा अर्ज केला. दोघांच्याही डोक्यावर कर्ज होते, व्यवस्थापनाच्या चुका होत्या, हे सगळे खरे. पण ज्याचा खर्च ठरलेला आणि नफा पातळ, अशा धंद्याला थोडी विक्री कमी होणेही सोसत नाही, हा भाग तिथल्या साखळी दुकानांना आणि आपल्याकडील पेठेतल्या दुकानांना सारखाच लागू आहे.

एक नमुन्याचा हिशेब मांडतो. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल घेतले आहेत. एका किराणा दुकानाची महिन्याची विक्री ६ लाख रुपये आहे आणि त्यावर सरासरी १२ टक्के मार्जिन म्हणजे ७२ हजार रुपये सुटतात. दुकानाचे भाडे २० हजार, दोन कामगारांचा पगार २४ हजार, लाइटबिल ४ हजार, आणि पिशव्या, हमाली, दुरुस्ती, बुडीत उधारी मिळून आणखी ४ हजार, असा ५२ हजारांचा खर्च वजा केला की मालकाच्या हाती २० हजार उरतात. आता या ६ लाखांतील ९० हजारांची विक्री ऑनलाइनकडे गेली असे धरू. ही विक्री साखरेची, तेलाची नसते, कारण त्यात दुकानदाराला दोन-चार टक्केच सुटतात आणि तो माल लोक बहुधा जवळूनच घेतात. जाते ती फेसवॉश, महागडा शाम्पू, डायपर, सुका मेवा, परदेशी चॉकलेट, डिओ या मालाची विक्री. या मालावर २० टक्के मार्जिन धरले, तर ९० हजारांमागे १८ हजार रुपये गेले. विक्री घटली फक्त १५ टक्क्यांनी, पण मालकाच्या हाती उरलेले २० हजार २ हजारांवर आले. दुकानात संध्याकाळी तितकीच गर्दी असते, कारण दूध, ब्रेड, तेलाची पिशवी आणि गोडेतेलाचा डबा न्यायला माणसे येतातच. शेजारी म्हणतात, ‘यांचे तर जोरात चालले आहे,’ आणि मालक मात्र वर्षअखेरीस माझ्याकडे येऊन विचारतो की विक्री एवढी दिसते तर पैसा कुठे जातो.

याच्या पुढचा टप्पा अधिक वाईट असतो. नफा आटल्यावर दुकानदार भाडे किंवा पगार कमी करू शकत नाही, म्हणून तो माल कमी करतो. एका शाम्पूचे तीन आकार ठेवत होता तिथे एकच ठेवतो. नवीन आलेली बिस्किटे घेत नाही. पडून राहिलेला आणि एक्सपायरी जवळ आलेला माल परत घ्यायला कंपनीचा सेल्समन खळखळ करतो, म्हणून धोका पत्करत नाही. पेट्या कमी घेतल्या की कंपनीची पेट्यांवरची स्कीम हुकते आणि तोच माल त्याला पूर्वीपेक्षा महाग पडू लागतो. मग गिऱ्हाईक येते, हवा तो आकार मिळत नाही, आणि दुकानाच्या पायरीवरच उभे राहून फोनवर मागवते. दोन-तीनदा असे झाले की ते त्या वस्तूसाठी पुन्हा विचारायला येत नाही. ऑनलाइनचा पहिला फटका १५ टक्क्यांचा असतो. पुढचा फटका दुकानदार स्वतःचा माल आकसून घेऊन स्वतःला मारतो. तरीही त्याला दोष देता येत नाही, कारण त्या क्षणी त्याच्याकडे रोख भांडवलच नसते.

सगळ्या धंद्यांना हा फटका एकाच वेळी बसलेला नाही. आधी गेली ती पुस्तकांची आणि संगीताची दुकाने, कारण पुस्तक कुठूनही घेतले तरी तेच असते, हातात घेऊन तपासण्यासारखे त्यात फारसे नसते, आणि किंमत छापलेली असल्यामुळे सवलत लगेच डोळ्यांत भरते. फ्लिपकार्टने २००७ मध्ये पुस्तकांपासूनच सुरुवात केली होती. पुण्यातील मॅनीज २०१२ मध्ये, मुंबईत काळा घोड्याचे ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये आणि फोर्टमधील स्ट्रँड बुक स्टॉल २०१८ मध्ये बंद झाले. प्रत्येकाची कौटुंबिक आणि जागेची कारणे वेगळी होती. ऱ्हिदम हाउसच्या बाबतीत तर दुकान ऑनलाइन सवलतीपेक्षा फुकट डाउनलोडनेच आधी पोखरले गेले होते. पण पुढची पिढी असे दुकान का चालवायला घेईल, या प्रश्नाला तिघांकडेही हिशेबात बसणारे उत्तर उरले नव्हते, असे मला वाटते.

मग मोबाइलची पाळी आली. अॅमेझॉनने भारतात जून २०१३ मध्ये दुकान मांडले, २०१४ च्या फेब्रुवारीत मोटो जी हा फोन फक्त फ्लिपकार्टवर आला, जुलैमध्ये शाओमीचा एमआय ३ तिथेच आला आणि ६ ऑक्टोबर २०१४ रोजी फ्लिपकार्टचा पहिला ‘बिग बिलियन डे’ हा सवलतीचा सेल झाला. मोबाइलच्या दुकानदाराला त्या वर्षी प्रथमच कळले की गिऱ्हाईक ज्या वस्तूसाठी पैसे घेऊन उभे आहे ती वस्तू आपल्याला कोणत्याही भावाने मिळणारच नाही. किमतीची स्पर्धा असती तर त्याने मार्जिन सोडून तरी टिकाव धरला असता. मालच न मिळणे हा वेगळा प्रकार होता, आणि दुकानदार संघटनांचा पहिला खरा राग त्यावरच होता.

नियमांबद्दलही बोलायला हवे, कारण तक्रारीचा मोठा भाग त्यांच्याशी जोडलेला आहे. परदेशी गुंतवणूक असलेल्या ऑनलाइन कंपनीने स्वतः माल विकू नये, फक्त विक्रेता आणि ग्राहक यांना एकत्र आणणारा बाजार चालवावा, आणि किमतींवर प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष प्रभाव टाकू नये, असे केंद्र सरकारने मार्च २०१६ मध्ये स्पष्ट केले. डिसेंबर २०१८ च्या दुसऱ्या आदेशाने, जो १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाला, बाजार चालवणाऱ्या कंपनीचे भांडवल ज्या विक्रेत्यात आहे त्याला त्या बाजारात विक्री करण्यास मनाई झाली. कागदावर हे नियम कडक आहेत. प्रत्यक्षात मोजके मोठे विक्रेते, त्यांना मिळणारी सवलतीची गोदामसेवा आणि शोधयादीत वरची जागा यांबद्दल तक्रारी होत राहिल्या, आणि भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये अॅमेझॉन व फ्लिपकार्ट यांच्या चौकशीचा आदेश दिला. दुकानदारांची तक्रार मला रास्त वाटते. परंतु उद्या सगळे नियम काटेकोर पाळले गेले तरी वरच्या नमुन्यातील ९० हजारांपैकी फार थोडी विक्री परत येईल, हेही तितकेच स्पष्ट सांगितले पाहिजे. घरबसल्या वस्तू येण्याची सवय नियमाने सुटत नाही.

दहा मिनिटांत माल पोचवणाऱ्या सेवांनी किराणा दुकानाचा शेवटचा आधार, म्हणजे ‘आत्ता हवे आहे’ हे कारणच हिसकावले. ग्रोफर्सचे नाव डिसेंबर २०२१ मध्ये ब्लिंकिट झाले आणि २०२२ मध्ये झोमॅटोने ती कंपनी घेतली. झेप्टो २०२१ मध्ये मुंबईतून सुरू झाली. स्विगीची इन्स्टामार्ट त्याआधी, टाळेबंदीच्या वर्षी आली होती. वितरकांच्या अखिल भारतीय संघटनेने २०२४ मध्ये असा दावा केला की मागील वर्षभरात देशात सुमारे २ लाख किराणा दुकाने बंद झाली. हा आकडा हितसंबंध असलेल्या संघटनेचा आहे हे लक्षात ठेवूनच वाचावा. मोठ्या शहरांतील नव्या वसाहतींबाबत त्याची दिशा मला खरी वाटते. तालुक्याच्या गावाला तो जसाच्या तसा लावणे चूक ठरेल, कारण ही सेवा दाट वस्तीतच परवडते.

वितरकांचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण दुकानदाराच्या तक्रारीत ती सहसा मागे पडते. कंपन्या एकाच मालाचा भाव दुकानदाराला एक आणि मोठ्या घाऊक व ऑनलाइन खरेदीदाराला दुसरा लावतात. या कारणावरून १ जानेवारी २०२२ पासून महाराष्ट्रातील वितरकांनी कोलगेटच्या काही मालाचे वितरण थांबवण्याचा पवित्रा घेतला होता. दुकानदाराला जो माल वितरकाकडून ज्या भावाला पडतो, त्याहून कमी भावात तो अॅपवर गिऱ्हाईकाला मिळताना दिसतो, तेव्हा त्याची लढाई समोरच्या अॅपशी नसून स्वतःच्याच पुरवठादाराशी असते. माझ्या ओळखीतले काही दुकानदार दिवाळीच्या सेलमध्ये स्वतःच ऑनलाइनवरून माल घेऊन दुकानात ठेवत असत, कारण वितरकाच्या बिलापेक्षा तो स्वस्त पडे. कराच्या दृष्टीने त्यात गुंता होतो, कारण विक्रेत्याकडून स्वतःच्या जीएसटी क्रमांकावर बिल मिळाले नाही तर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. पण गल्ल्यावर बसलेल्या माणसाला तेवढा वेळ नसतो.

आता निमित्ताचा भाग. दुकान बंद करणारा प्रत्येक मालक ऑनलाइनचे नाव घेतो, पण वह्या काही वेगळे सांगतात. किराण्याच्या धंद्यात अनेक उपनगरांना पहिला मोठा धक्का डीमार्टने दिला, आणि ते तर विटामातीचे, म्हणजे प्रत्यक्ष जागेतले दुकानच आहे: २००२ मध्ये पवईत पहिले दुकान, जागा शक्यतो स्वतःच्या मालकीची, मोजका माल, पुरवठादाराला लवकर पैसे आणि त्या बदल्यात कमी भाव. उलट बिग बाजार हीदेखील विटामातीचीच साखळी होती; २००१ मध्ये सुरू झाली, देशभर पसरली, आणि भाड्याच्या जागा व कर्ज यांच्या ओझ्याखाली टाळेबंदीच्या दोन वर्षांत कोसळली. २०२२ मध्ये तिची मूळ कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. एकाच काळात, एकाच गिऱ्हाईकासमोर, एक साखळी वाढते आणि दुसरी मोडते, तेव्हा सगळा दोष फोनवर टाकता येत नाही. फरक भाड्याचा आणि कर्जाचा होता.

लहान दुकानांच्या बाबतीत आणखी दोन कारणे मला वारंवार दिसतात. पहिले म्हणजे मुलगा किंवा मुलगी शिकून नोकरीला लागते आणि रोज बारा-चौदा तास काउंटरवर उभे राहण्याची तयारी घरात कोणाचीच नसते. दुसरे म्हणजे जागा. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर किंवा मुंबईच्या दादरमध्ये स्वतःच्या मालकीचे दुकान असेल, तर ते कपड्याच्या एखाद्या ब्रँडला किंवा सोन्याच्या पेढीला भाड्याने देऊन जे मिळते ते धंद्याच्या नफ्यापेक्षा बऱ्याचदा जास्त भरते. अशा वेळी ‘ऑनलाइनमुळे बंद केले’ असे सांगितले जाते. खरे तर दुकानदार भाडे घेणारा मालक झालेला असतो, आणि त्यात गैर काहीच नाही.

‘मग तुम्हीही ऑनलाइन विका’ हा सल्ला फार सहज दिला जातो. जीएसटी १ जुलै २०१७ रोजी आला तेव्हापासून ऑनलाइन बाजारावर माल विकणाऱ्याला उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी सक्तीची होती, आणि ज्यांनी आपसमेळ योजना, म्हणजे कंपोझिशन, घेतली होती त्यांना तिथे विकण्याची मुभाच नव्हती. दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्या, एक टक्का कर भरून मोकळ्या होणाऱ्या दुकानदाराला या सोयीची मोठी किंमत द्यावी लागली. १ ऑक्टोबर २०२३ पासून हा अडसर अंशतः दूर झाला. आता असा व्यापारी ऑनलाइन बाजारावर विकू शकतो, मात्र आपल्याच राज्यात. ही दुरुस्ती येईपर्यंत सहा वर्षे गेली होती आणि चांगल्या जागा मोठ्या विक्रेत्यांनी धरल्या होत्या. शिवाय कमिशन, पोचवण्याचा खर्च आणि परत आलेला माल यांचा हिशेब धरला तर एका मिक्सरमागे काय उरते, हे आधी कागदावर मांडून पाहावे. पुष्कळदा आकडा उणे येतो.

दुसरीकडे, ज्यांनी ऑनलाइनवरच नाव कमावले तेच पुढे दुकाने उघडू लागले, हे विसरता येणार नाही. शाओमीने २०१७ मध्ये बंगळुरूत पहिले एमआय होम उघडले; लेन्सकार्टचा चष्म्याचा धंदा तर आज बहुतेकांना माहीत आहे तो कोपऱ्यावरच्या दुकानामुळेच. डोळे तपासायला, फ्रेम चेहऱ्यावर लावून बघायला, दांडी वाकली तर सरळ करून घ्यायला माणसाला जागा लागते. याच्या उलट अॅमेझॉनने अमेरिकेत उघडलेली पुस्तकांची दुकाने २०२२ मध्ये बंद करायला घेतली. दुकानात येऊन गिऱ्हाईकाला जे मिळते ते फोनवर मिळत नसेल, तरच त्या जागेचे भाडे निघते.

या कसोटीवर प्रश्नातील दुकान पाहू. घरगुती उपकरणांच्या दुकानात दोन धंदे एकाच छताखाली चालतात, आणि वडिलांनी बहुधा दोन्हींचा हिशेब एकत्रच ठेवलेला असेल. मिक्सर, इस्त्री, पंखा, गिझर, ट्रिमर असा हातात नेता येणारा माल हा पहिला धंदा. यावर पूर्वी चांगले मार्जिन होते आणि हाच माल सगळ्यात जास्त ऑनलाइनकडे गेला आहे. फ्रीज, वॉशिंग मशीन, एसी, मोठा टीव्ही हा दुसरा धंदा. यात बिलावरचे मार्जिन पातळ असते, खरे उत्पन्न कंपनीच्या टार्गेटवर मिळणाऱ्या क्रेडिट नोटमध्ये, म्हणजे कंपनीकडे जमा होणाऱ्या सवलतीच्या रकमेत, हप्त्यावर माल देणाऱ्या फायनान्स कंपनीकडून मिळणाऱ्या मोबदल्यात, स्टॅबिलायझर, भिंतीवरचा स्टँड, एसीची कॉपर पाइप या जोडमालात, आणि जुना फ्रीज बदलून घेण्यात असते. गावातल्या शेतकऱ्याच्या हातात ऊसबिल आले किंवा घरात लग्न निघाले की तो टीव्ही-फ्रीज एकदम घ्यायला येतो. त्याला हप्ता बसवून हवा असतो, वस्तू वाड्यापर्यंत पोचवून हवी असते, आणि सहा महिन्यांनी मशीन अडले तर कोणाच्या नावाने ओरडायचे हे माहीत असावे लागते. हे काम दूरच्या गोदामाला अजून नीट जमलेले नाही. त्यामुळे हे दुकान चालवायचे असेल तर पहिल्या धंद्याचा माल कमी करून दुसऱ्यावर भर द्यावा, आणि एक बरा मेकॅनिक पगारावर ठेवावा, तो दुकानातील दुसऱ्या सेल्समनपेक्षा जास्त उपयोगी पडेल, असे माझे मत आहे.

मॉडेल क्रमांकांची एक युक्तीही समजून घ्यावी. अनेक कंपन्या ऑनलाइनसाठी आणि दुकानांसाठी थोड्या फरकाने वेगळे मॉडेल काढतात. गिऱ्हाईक फोन पुढे करून ‘हाच फ्रीज तिथे दोन हजारांनी स्वस्त आहे’ म्हणते, तेव्हा ड्रॉवरची संख्या, कॉम्प्रेसर, वॉरंटी आणि ऊर्जेच्या ताऱ्यांच्या पट्टीवरचे वर्ष शेजारी-शेजारी लावून दाखवावे; वाद घालू नये. फरक नसेल तर ते कबूल करावे आणि आपला दर व सेवा सांगून थांबावे. आपले खरे बोलणारे दुकान आहे, ही ओळख तालुक्याच्या गावात लवकर पसरते.

नोकरी सोडण्याआधी मात्र मागील तीन वर्षांचे हिशेब घेऊन बसावे आणि त्यात तीन गोष्टी स्वतः घालाव्यात, कारण वडिलांच्या वहीत त्या नसतील. जागा स्वतःची असली तरी ती दुसऱ्याला दिली असती तर मिळाले असते तेवढे भाडे खर्चात धरावे. वडिलांचा आणि घरातील इतरांचा वेळ फुकटचा न समजता त्याचा बाजारभावाने पगार लावावा. मालात अडकलेल्या भांडवलावर बँकेच्या मुदत ठेवीइतके व्याज धरावे. हे सगळे वजा करून जे उरेल तोच धंद्याचा खरा नफा, आणि त्याची तुलना पुण्यातील पगाराशी करावी. उत्तर शून्याच्या आसपास आले तर दुकान तोट्यात आहे असा त्याचा अर्थ होत नाही. पण नोकरी सोडून येणाऱ्या माणसाला त्यात जागा नाही, एवढे नक्की. अशा वेळी वडिलांना जमेल तितकी वर्षे त्यांनी चालवावे, आणि मुलाने हिशेब, हप्त्यांची कागदपत्रे आणि मालाची निवड ही कामे पुण्यात बसून सांभाळावीत, ही मधली वाट मी बऱ्याच कुटुंबांत व्यवस्थित चाललेली पाहिली आहे.

आणि बंदच करायचे ठरले तर ते घाईने करू नये. दसरा-दिवाळीचा आणि मार्च ते मेमधील लग्नसराई व उन्हाळ्याचा हंगाम गाठून माल काढावा, नवा माल उचलणे त्याआधीच थांबवावे. कंपन्यांकडे अडकलेल्या क्रेडिट नोटा आणि वॉरंटीत बदलून दिलेल्या मालाचे क्लेम दुकान चालू असतानाच वसूल करावेत; दुकान बंद झाल्याचे कळले की ते पैसे निघता निघत नाहीत. जीएसटी नोंदणी रद्द करताना शिल्लक मालावर आधी घेतलेली कराची वजावट परत भरावी लागते, म्हणून गोदाम जितके रिकामे तितका हा बोजा कमी, आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या आत अंतिम विवरणपत्र भरायचे असते. ते राहून गेले तर दुकानाचे शटर उतरल्यानंतरही नोटिसा त्याच पत्त्यावर येत राहतात.